सरांचं मौन

सांगली, बुधवार, २४ जून १९९८

॥ श्री गणपती ॥

चि. वरदभाऊजी,

उमावहिनीचा आशीर्वाद. सहा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही आधी वाईट बातमी शोधाल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते, घरात सगळे हयात आहेत.

पत्राचं कारण कामाचं आहे. तुमच्या दादांनी येत्या आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मौन धरायचा संकल्प केला आहे. चार महिने तोंडातून शब्द नाही. तुम्ही म्हणाल, दादा आणि संकल्प? मी गणपतीला प्रदक्षिणा घालते तेव्हा ते बाहेर पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसतात. माणूस बदलतो. त्यावर मला खोदून विचारू नका.

मौन आवाजाचं आहे, शिकवण्याचं नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भूगोल विशेष घेतलेली तेवीस मुलं आहेत. जत, आटपाडी, इस्लामपूर, अशी लांबलांबची. तुम्ही राजीनामा दिलात ती जागा कधी भरलीच नाही, विभागात हे एकटे. हा वर्ग बंद करायचं संस्थेच्या मनात दोन वर्षं घोळतं आहे. यांनी चार महिने रजा टाकली की ते मनातलं कागदावर येईल, आणि मुलांना शेवटच्या वर्षात विषय बदलावा लागेल. ते मला होऊ द्यायचं नाही.

गेल्या दिवाळीच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतंत, "वहिनी, हैदराबादला आता माझे धडे वेबवर असतात. मुलं वाचतात आणि लिहून प्रश्न पाठवतात." ते कार्ड मी यांना दाखवलं नाही, पोथीत ठेवलं. आता ते काढून चारदा वाचलं. न बोलता शिकवता येतं असंच ना ते? मग कसं, ते मला सविस्तर लिहा. यंत्र कॉलेजात आहे, गेल्या वर्षी आलं. फोनची तार त्याला जोडलेली आहे. त्यावर आत्तापर्यंत प्राचार्यांची पत्रं टंकली जातात, एवढंच.

शिकणार मी आहे. यांनी यंत्राला हात लावणार नाही असं सहा वर्षांपूर्वी भर वर्गात सांगितलं होतं, तुमच्या चित्रं दाखवायच्या यंत्राची वायर उपटून. ते तुम्ही विसरला नसाल, आणि मी विसरा म्हणत नाही. मी मॅट्रिक आहे, पण उत्सव मंडळाची वही वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि तीत खाडाखोड नाही. सांगाल तसं करीन.

उत्तर टपालानेच पाठवा. ई-मेल कॉलेजच्या खात्यावर येते आणि ती चारचौघांत उघडतात.

तुमची
उमावहिनी

सांगली, सोमवार, २० जुलै १९९८

चि. वरदभाऊजी,

पाकीट पोचलं. मराठी अक्षरांची फ्लॉपी, आणि सहा पानांचं पत्र. सहा पानांत दादांची चौकशी करणारी एक ओळ नाही. असू दे. बाकीची पानं सोन्यासारखी आहेत, मी त्यांना कव्हर घातलं.

प्राचार्य वीरधवल थोरात यांनी यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "वहिनी, सरांचं तप चाललंय, त्याला कॉलेजनं नाही म्हणायचं कसं?" किल्ली घेताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. का ते राहू दे.

फोन पुण्याला लावावा लागतो. सकाळी सहाच्या आत पाव दर, म्हणून आम्ही दोघं पाचला कॉलेजात. पहिल्या दिवशी आकाराम शिपाई दारात आडवा.

"आवं वैनी, चपला भायेर. हितं साहेबबी अनवानी येत्यात."

"आत काय आहे एवढं?"

"थंडी हाय."

आणि यंत्रापुढे उदबत्तीचं घर. मी म्हटलं, आकाराम, तुम्हीच म्हणता यंत्राला धूळ चालत नाही, मग राख कशी चालते? तो माझ्या कपाळाच्या कुंकवाकडे बघत राहिला. "उदबत्ती नगं असं तुमी म्हंता?" मी म्हणते, म्हटलं. घरी लावा, पुण्य तेवढंच आहे.

फोन लागताना पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येतो, मग गप्प होतो. गप्प झाला की पान उघडतं. पहिल्यांदा तुमच्या हैदराबादच्या यंत्रावर आमच्या कॉलेजचं नाव मराठीत दिसलं तेव्हा मी हात जोडले. हे मागे खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते.

आता चूक कबूल करते. तुम्ही लिहिलं होतंत, "दादाच्या वह्या जशाच्या तशा चढवू नका, त्याने काही होणार नाही." मला वाटलं, तीस वर्षांच्या वह्या, त्यांतून काय गाळायचं? शिवाय तुम्हा दोघा भावांचं जुनं आहे, म्हणून तुम्ही तसं लिहिलंत असंही वाटलं. मी पंधरा दिवस टंकून सत्तेचाळीस पानं चढवली. आणि मुलांनी काय केलं असेल? रांग लावली. एकेकाने रोज वीस मिनिटं पडद्यासमोर बसून, जेवढं चढलं असेल तेवढं वहीत उतरवून घेतलं. वर्ग असता तर फळ्यावरून तेवीस जणांचं एकदम झालं असतं.

जतचा बिराप्पा नावाचा मुलगा आहे, धनगराचा, सुट्टीत मेंढरांमागे जातो. तो मला म्हणाला, "काकू, आदी फळ्यावरनं उतरून घेत हुतो, आता काचंवरनं घेतोय. फळा बरा हुता, मोट्टा हाय."

मी घरी येऊन हे यांना सांगितलं. रागावतील वाटलं. यांनी पाटीवर लिहिलं, "खरं बोलला. मी तीस वर्षं तेच केलं."

तेव्हा तुमचं म्हणणं पुन्हा वाचते आहे. "मुलांना वाचायला कमी द्या, करायला काहीतरी द्या. प्रश्न विचारला तर दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालंच पाहिजे, नाहीतर तिसरा प्रश्न येत नाही." हे मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं आहे. सत्तेचाळीस पानं काल पुसून टाकली. पुसायला दोन मिनिटं लागली.

तुमची
उमावहिनी

सांगली, सोमवार, १७ ऑगस्ट १९९८

चि. वरदभाऊजी,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, "वहिनी, दादा मौन धरणारा माणूस नाही, खरं काय ते लिहा." आज श्रावणी सोमवार, उपास आहे, आणि उपासाच्या दिवशी मी खोटं लिहीत नाही. इतर दिवशीही लिहीत नव्हते, या जूनपर्यंत.

मौन नाही. यांचा आवाज गेला आहे.

मार्चपासून घसा बसत होता. आम्ही काढे, मिठाच्या गुळण्या करत बसलो. मे महिन्यात मिरजेला दाखवलं. घशात गाठ. जूनच्या आठ तारखेला काढली. साधी निघाली, ही देवाची कृपा. पण ती आवाजाच्या नसेला धरून बसली होती, आणि काढताना आवाज जाऊ शकेल असं डॉक्टरांनी आधीच सांगून सही घेतली होती. सही मी केली. तुम्हाला कळवलं नाही, कारण यांनी नको म्हणून बोट हलवलं.

मग कॉलेज उघडलं आणि हे गेले नाहीत. तेवीस तारखेला प्राचार्य घरी आले. हारबीर घेऊन नाही, पण बोलायची पद्धत तीच. तीस वर्षं सेवा झाली, तब्येत बरी दिसत नाही, सन्मानाने स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, वर्गाचं संस्था बघेल. हे पलंगावर बसलेले, गळ्याला मफलर. मी चहा घेऊन आले. समोर कालनिर्णय, आषाढी एकादशीला मी लाल गोल केलेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तब्येतीचं काही नाही हो. यांनी चातुर्मासाचं मौन धरायचं ठरवलंय, त्याची सवय आत्तापासून करतायत. शिकवणं थांबणार नाही, लिहून शिकवतील."

प्राचार्य उभे राहिले आणि त्यांनी यांना वाकून नमस्कार केला.

यांना मला खोटं पाडायचं असतं तरी कशाने पाडणार? पाटी हातात होती. लिहिलं, "हे काय?" प्राचार्यांचं लक्ष जायच्या आत मी पदराने पुसलं आणि म्हटलं, साखर कमी म्हणतायत.

भाऊजी, मी आजवर देवाचं नाव पुढे करून स्वतःचं काही साधलं नव्हतं. आता गावातल्या बायका माझ्याकडे वाती आणून देतात, सरांच्या हातून लावा म्हणून. मुलं वर्गात शिरताना यांच्या पायाला हात लावतात. हे पाय मागे घेतात, तर मुलांना ती नम्रता वाटते. डॉक्टर म्हणतात ऑक्टोबरपर्यंत थोडा आवाज येण्याची आशा आहे. कार्तिकीला मौन सुटेल त्या दिवशी यांच्या तोंडून दोन वाक्यं निघाली तर कुणालाच काही कळणार नाही. मी रोज तेवढंच मागते. हे पाप तुमच्यापाशी ठेवते, कारण तुमच्यापाशी ठेवलेलं दादांपर्यंत जाणार नाही, ही खात्री आहे.

आता कामाचं. बिराप्पाने चिठ्ठी दिली. "सर, सह्याद्रीवर ढग अडतात म्हणून आमच्याकडं पाऊस कमी, हे पाठ हाय. मग जतवर रोज ढग दिसतात ते कुठं निघालेत?" यांनी चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदा स्वतःहून यंत्राच्या खुर्चीत बसले. मला हाताने बाजूला सारून. तुम्ही सांगितलेलं उपग्रहाचं ढगांचं चित्र आम्ही रोज पहाटे उतरवून घेतो, लहान आणि काळंपांढरं, म्हणजे फोन तुटायच्या आत पुरं येतं. त्याच्याखाली आता रोज एकच प्रश्न असतो. धडा नाही. पहिला प्रश्न यांनी दोन बोटांनी टंकला: "चित्रात आज तुमचं गाव कुठे आहे ते शोधा. वर ढग आहे का? बाहेर जाऊन बघा, खरंच आहे का?"

माझं काम वहीचं. मुलाचं नाव, काय विचारलं, कधी विचारलं, उत्तर गेलं का. रोज सकाळी यांच्यापुढे ठेवते. उत्तर न गेलेल्यापुढे लाल फुली. लाल फुली ठेवून घरी जायचं नाही, हा नेम.

तुमची
उमावहिनी

सातारा, सोमवार, २८ सप्टेंबर १९९८

चि. वरदभाऊजी,

पत्ता बघून गोंधळू नका, सातारला बहिणीकडे आले आहे. कारण ऐका.

मुलांना यांनी डबे आणायला सांगितले. सरळ कडांचे, पत्र्याचे, कसलेही. प्रत्येकाने आपल्या गावात उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी आठला फूटपट्टीने पाणी मोजायचं. जी मुलं सांगलीत खोली करून राहतात त्यांचे डबे घरचे मोजतात आणि एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देतात. आकडे पानावर, नकाशासकट. सगळी मुलं सगळ्यांचे आकडे बघतात आणि एकमेकांना धरतात.

आटपाडीच्या शिवांजलीने एका दिवशी एकशे चाळीस मिलिमीटर कळवले. आटपाडीत. वर्गातल्या पोरांनी तिला पूर आला का म्हणून छळलं. बिराप्पाने पानावर लिहिलं, "शिवांजली, डबा पागोळ्याखाली हाय का?" होता. आजीने भिजू नये म्हणून वळचणीला ठेवला होता. यांना एवढा आनंद झाला की मला उठवून दाखवलं. पाटीवर लिहिलं, "तीस वर्षं पर्जन्यमापक कुठे ठेवावा हे लिहून देतो आहे. आज कळलं."

संस्थेचं सातारचं कॉलेज आहे तिथे भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, आणि बदली कुणी नाही. एकतीस मुली बसून. त्यांच्या प्राचार्यांनी आपलं पान बघितलं आणि विचारलं, आमच्या मुली येऊ देत का? इथल्या यंत्रात मराठी अक्षरं नव्हती, सगळे चौकोन दिसत होते. म्हणून मी तुमची फ्लॉपी घेऊन आले आणि बसवली. मी, भाऊजी. प्राचार्य विचारत होते, "आपण कुठून शिकलात?" म्हटलं, दिराकडून, पत्राने. आता कोयनेकडच्या मुलींच्या डब्यात वीतभर पाणी आणि जतच्या डब्यात कोरडी माती, दोन्ही एका नकाशावर. बिराप्पाच्या प्रश्नाचं उत्तर या मुलींनी दिलं: ढग पाणी कोयनेत टाकून, रिकामे होऊन जतवरून पूर्वेला निघालेत.

हे सगळं चांगलं लिहिलं. आता दुसरं.

शनिवारी मिरजेला गेलो होतो. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. कुजबुज येईल, एका हातावर बसलेल्याला ऐकू जाईल एवढी. वर्गाला कधीच नाही.

आणि त्याच संध्याकाळी प्राचार्यांनी निमंत्रणपत्रिकेचा नमुना दाखवला. कार्तिकी एकादशी, एकतीस ऑक्टोबर, मौनसांगता समारंभ. संस्थेचे अध्यक्ष येणार. सरांच्या पहिल्या शब्दाने व्याख्यानमालेचं उद्घाटन. नमुन्यात तारखेची एक चूक होती, तेवढी दाखवली.

तुमची
उमावहिनी

सांगली, शुक्रवार, २३ ऑक्टोबर १९९८

चि. वरदभाऊजी,

तुमचा सल्ला पोचला. "मौन वर्षभर वाढवलं असं जाहीर करा, मार्चची परीक्षा निघून जाईल, मग बघू." सल्ला माझ्या काळजीने दिलात हे कळतं. घेणार नाही. एका खोट्याला वर्षाचं भाडं मी भरणार नाही.

पण आधी यांना सांगायला हवं होतं की मी तुमच्याशी हे सगळं बोलते. सांगितलं. तुमची सगळी पत्रं पुढ्यात ठेवली. यांनी दोन तास लावून वाचली. मग पहाटे नेहमीसारखे कॉलेजात गेलो आणि त्या दिवशीचा प्रश्न यांनी स्वतः टंकला, मला पाठमोरी बसवून. तो उतरवते.

"विद्यार्थ्यांनो, मी कोणतंही व्रत धरलेलं नाही. जूनमध्ये शस्त्रक्रियेत माझा आवाज गेला. तो परत येणार नाही. हे मी तुमच्यापासून लपवलं. तुम्ही माझ्या पाया पडलात ते मी पडू दिलं. आजचा प्रश्न: आवाज नसलेल्या शिक्षकाकडून तुम्हाला पुढे शिकायचं आहे का? नसेल तर तसं लिहा. कारण लिहा. नाव नको."

चूक बायकोची, असं एक अक्षर त्यात नाही. मी म्हटलं, घाला. यांनी नाही म्हणून मान हलवली.

ते पान मुलांनी उघडायच्या आत मी प्राचार्यांच्या घरी गेले. दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. ते देवपूजेला बसले होते. उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी पळी खाली ठेवली.

"वहिनी, माझी आई रोज सकाळी सरांचं नाव घेऊन हात जोडते. पंचाऐंशी वर्षांची आहे. तिला काय सांगू?"

"मी सांगते."

"नको. तुमच्यावर आता तिचा विश्वास बसायचा नाही." मग आसनावरून उठत, "आजारी आहेत असं तुम्ही म्हणाला असतात तर मी काय फासावर दिलं असतं?"

"तुम्ही निवृत्तीचा कागद घेऊन आला होता."

"तो कागद संस्थेचा होता, वहिनी. लढायचं का नाही ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला लढायला जागाच ठेवली नाही. नमस्कार करून मोकळा झालो मी."

त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. पत्रिका वाटून झाल्या आहेत, अध्यक्षांची वेळ ठरली आहे, ते म्हणाले, आता एकतीसला जे व्हायचं ते अध्यक्षांसमोर होईल.

कालपासून पान तसंच आहे. उत्तरं आली असतील, पण खोली आता फक्त मुलांना उघडतात, आम्हाला बघता येत नाहीत. हे घरी बसून सातारच्या मुलींच्या वह्या तपासतायत. मी त्यांना विचारलं, काढून टाकलं तर? यांनी लिहिलं, "वह्या तपासून पाठवायच्या. मग काढूदेत."

तुमची
उमावहिनी

सांगली, सोमवार, २ नोव्हेंबर १९९८

चि. वरदभाऊजी,

समारंभ झाला नाही. अध्यक्षांच्या दालनात बसलो. अध्यक्ष, प्राचार्य, आम्ही दोघं, आणि दारात सगळा वर्ग, बोलावलेलं नसताना. बिराप्पा आणि शिवांजली तर आत घुसले. हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला नकाशा, दोन जिल्ह्यांचा, चोपन्न गावांचे डबे.

अध्यक्ष इस्लामपूरकडचे, ऊसवाले. बोलणं सरळ. माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, "सर, तुमी बोलत न्हाई, मग पोरं शिकत्यात कशानं?"

हे पाटी उचलणार तर बिराप्पा म्हणाला, "सायेब, आदी सर बोलत हुते तवा आमी लिवत हुतो. आता सर विचारत्यात, मग आमाला बोलाया लागतंय."

"तू कुठला रं?"

"जत."

"मग तुला बोलाया कोन शिकवायचं? जल्मतःच बोलतोयस." सगळे हसले, प्राचार्य सोडून. मग अध्यक्षांनी नकाशा ओढून घेतला. "हे आकडं खरं कशावरनं? बारा सप्टेंबरला आमच्या मळ्यात पाऊस किती झाला, सांगा."

शिवांजलीने बोट फिरवलं. तिथला रकाना मोकळा होता. "त्या दिवशीचा न्हाई, साहेब. तिथली आमची मैत्रीण मोजायला विसरली."

"मग आजूबाजूचा बघून अंदाजानं भरायचा."

"सर अंदाज भरू देत न्हाईत."

अध्यक्षांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कॉलेजात न्हाई चालत. घरात चालतोय वाटतं."

मी उभी राहिले. बोलायचं ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "घरातला मी भरला. यांनी विचारलं होतं 'हे काय', मी पुसलं. शिक्षा द्यायची तर मला काय देता येते ते बघा. पण तुम्ही आज कागद करून हा वर्ग बंद केलात, तर चोपन्न मुलांचं वर्ष जाईल, सांगलीची तेवीस आणि सातारची एकतीस. शिकवणं थांबलेलं नाही. एक दिवस सोडून थांबलं नाही, आणि तो एक आठवडा किल्ली नव्हती म्हणून."

"एक दिवस का आठवडा?"

"आठवडा," म्हटलं. "चुकले. नऊ दिवस."

प्राचार्यांनी तेव्हा खिशातून घडी केलेले कागद काढले. मुलांनी दिलेली उत्तरं त्यांनी छापून घेतली होती. वाचून दाखवली नाहीत, अध्यक्षांपुढे सरकवली. अध्यक्षांनी चष्मा लावून सगळी वाचली. त्यातलं एकच उत्तर मला नंतर कळलं, कारण प्राचार्यांनी ते यांना दिलं. "नको. सर रोज प्रश्न विचारतात, डोकं दुखतं. पण सर बदलू नयेत." दोन्ही एकाच चिठ्ठीत.

ठरलं ते असं. मार्चच्या परीक्षेपर्यंत दोन्ही कॉलेजांचा भूगोल यांच्याकडे. निकाल बघून पुढचं. वर्गात दिवसाला एक तास बसावंच लागेल, आणि तेव्हा यांचं लिहिलेलं मोठ्याने वाचायला रोज एक मूल, पाळीने. किल्ली आकारामकडे राहील, मला मिळणार नाही. आकाराम पहाटे दार उघडतो, मी आत जाते, तो बाहेर बसतो. काल म्हणाला, "वैनी, माज्यावर राग धरू नगा, मला सांगितलंय तसं करतोय." म्हटलं, बरोबर करताय.

प्राचार्य माझ्याशी अजून बोलत नाहीत. यांच्याशी बोलतात.

देवाचं राहिलं होतं. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, एक लघुरुद्र करा, सुटेल. पैशाने सुटण्यासारखं मला वाटलं नाही. निकाल लागेपर्यंत सूर्योदयापासून दुपारच्या बारापर्यंत मी मौन धरलं आहे. या वेळी खरं. वही लिहायला आणि यंत्र चालवायला तोंड लागत नाही. भाजीवाली तेवढी लुबाडते.

आता तुमच्याविषयी. सातारच्या कॉलेजला नोव्हेंबरअखेर फोनची स्वतंत्र तार मिळते आहे. ती यंत्राला जोडून देणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, पत्राने सुटायचं नाही. तुम्ही यायचं. दादांनी बोलावलेलं नाही, तसं मी लिहिणार नाही. मी बोलावते आहे. तुमची पत्रं त्यांनी वाचली, त्यांतलं दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आहे आणि एका ठिकाणी प्रश्नचिन्ह. कशाला ते मी विचारलं नाही, ते तुमच्यातलं आहे. वायरीचं तुम्हाला बोलायचं असेल तर बोला, ते ऐकतील. उत्तर लिहून देतील, अक्षर अजून सुरेख आहे.

हैदराबादहून रात्रीच्या गाडीने निघालात तर इथे सकाळी पोचाल. दार वाजवलंत तर "या" म्हणायला घरात कुणालाच आवाज नसेल. कडी लावलेली नसते. आत या.

तुमची
उमावहिनी